चौसष्टची बाटली

आमच्या ह्यांना वास येत नाही, हे अमेरिकेतल्या आमच्या साऱ्या वेस्ट विंडसर गावात फक्त तिघांना माहीत होतं. ह्यांना, मला आणि आमच्या डॉक्टरला. पोटच्या मुलीला, दीपालासुद्धा आम्ही सांगितलं नव्हतं. पाय मोडला तर माणूस प्लास्टर मिरवतो, त्यावर चार लोकांच्या सह्या घेतो. नाक गेलं तर काय दाखवणार? आणि गुरुदत्त परुळेकर या माणसाचं जे काही नाव होतं ते नाकामुळेच होतं. हे फ्लेवरच्या कंपनीत केमिस्ट. च्युइंगमला चेरीचा वास, पॉपकॉर्नला लोण्याचा, खोकल्याच्या औषधाला संत्र्याचा, हे कुणीतरी बाटल्यांशी खटपट करून जुळवत असतं. आमच्याकडे तो कुणीतरी म्हणजे हे. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात पातेल्यावरचं झाकण उचलून "वहिनी, मेथी जरा जास्त भाजली गेलीय बरं का," असं सांगायचे आणि वहिनींचा दिवस नासवायचे. मला त्याचा भारी वैताग यायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना हे घसरले आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर पडले. चार टाके, दोन दिवस हॉस्पिटल, बाकी काही नाही. आम्ही सुटलो म्हटलं. तिसऱ्या दिवशी घरी चहा दिला तर म्हणाले, "आज आलं नाही घातलंस?" मी बोटभर आलं किसून घातलं होतं. हे उठले, कपाटातून हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं आणि नाकाशी धरली. मग तशीच धरून उभे राहिले. मी ओट्यापाशी होते, दहा फुटांवर, आणि मला तिथे हिंगाचा वास येत होता.

डॉक्टर म्हणाले, वासाचे जे बारीक धागे मेंदूकडे जातात ते तुटलेत. आला तर वर्षभरात परत येईल, नाहीतर नाही. वर्ष गेलं. खारट, गोड, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं, तिखट झोंबायचं. बाकी सगळं अन्न म्हणजे ओला किंवा कोरडा पुठ्ठा. ह्यांनी कंपनीत बॉसला सांगितलं, लॅबचा कंटाळा आला, मला लेबलं आणि सरकारी कागद बघायच्या खात्यात टाका. बॉसला नवल वाटलं, पण टाकलं. तेव्हापासून हे बाकीच्यांच्या चेरीचे आणि लोण्याचे फॉर्म भरत होते.

आता वाइनचं सांगते. तो ह्यांचा लग्नाआधीचा नाद. बासष्ट ते पासष्ट हे जर्मनीत एका केमिकल फॅक्टरीत ट्रेनी होते. शरद ऋतूत सुट्टी काढून मोझेल नदीच्या काठी लोर्शबाख नावाच्या घराण्याच्या मळ्यावर द्राक्षं तोडायला जायचे. डोंगर इतका उभा की टोपली पाठीला बांधून चढावं लागायचं, असं दरवर्षी नव्यानं सांगायचे. म्हातारे लोर्शबाख ह्यांना तळघरात घेऊन बसायचे आणि हुंगायला शिकवायचे. त्यांची मुलगी उर्सुला तेव्हा बारा वर्षांची. ती ह्यांना ओंकेल गुरु म्हणायची, म्हणजे गुरुकाका.

आमच्या घरात या वाइनचा उपयोग एकाच गोष्टीसाठी व्हायचा. मी अकोल्याची, शाकाहारी घरातली. मासा पहिल्यांदा हातात धरला तो लग्नानंतर, सासूबाईंनी धरायला लावला म्हणून. पण शिकले. मी रांधायची, हे जेवायचे, शेजारी अर्धा ग्लास जर्मन वाइन, आणि जेवण झालं की वहीत नोंद. दुसऱ्या कुठल्या वाइन आपल्या तिखटापुढे कडू लागतात, ही लागत नाही, कारण हिच्यात आंबट आणि गोड दोन्ही आहे, असं ह्यांचं म्हणणं. काबिनेट म्हणजे पहिल्या तोडणीच्या द्राक्षांची, हलकी, लिंबासारखी. ती कोथिंबीर वडीबरोबर. श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, जरा गोडसर; ती तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कालवणाबरोबर. आउस्लेझे म्हणजे निवडून तोडलेल्या अगदी पिकल्या घडांची, भरपूर गोड. ती लोक गोडाबरोबर पितात, हे म्हणायचे तो गाढवपणा आहे, ती काजूच्या उसळीबरोबर प्यावी. पंधरा वर्षांत अशा दोनशे नोंदी झाल्या. मी स्वतः थेंबही घेत नसे. मला त्या वहीचा एवढाच फायदा की कुठल्या तारखेला काय केलं होतं ते सापडायचं.

शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये उर्सुलाचं पत्र आलं. म्हातारे लोर्शबाख वारले होते, मळा आता ती बघत होती. आदल्या वर्षी ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये भेसळ सापडली, तिचे शिंतोडे जर्मन वाइनवरही उडाले आणि अमेरिकेत खप बसला. नवं गिऱ्हाईक शोधायला हवं होतं. न्यूयॉर्कमध्ये आणि जर्सी सिटीत इंडियन रेस्टॉरंटं निघतायत, तिथे आपल्या वाइन चालतील असं तिच्या डोक्यात आलं होतं. ह्यांच्या जुन्या पत्रांतून तिला वहीबद्दल माहीत होतं. तिनं लिहिलं होतं, गुरुकाका, तुमच्या त्या जेवण-वाइनच्या जोड्यांचं छोटं पुस्तक छापू, आणि तुम्ही आमच्यातर्फे रेस्टॉरंटांत जाऊन वाइन चाखवा. ऑक्टोबरात मी मिस्टर व्हिटेकरला घेऊन येते. तो आमचा माल अमेरिकेत आणतो, शेवटचा शब्द त्याचा.

हे पत्र वाचून ह्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी अडीच वर्षांत बघितलं नव्हतं. हाच सगळा घोटाळा. मी म्हटलं, "अहो, पण तुम्हाला वास..."

"वही आहे ना! दोनशे नोंदी पाठ आहेत मला. लोर्शबाखची एकेक वाइन डोक्यात आहे माझ्या. चित्रकार आंधळा झाला म्हणून लाल रंग विसरतो का?"

"विसरत नाही. पण त्याला कोणी चित्र काढायला बोलवत नाही."

हे चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "नंदा, मला एकदा बघू दे. त्या कागदांच्या खात्यात बसून मी मरून जाईन गं."  वहीचं इंग्रजी करून ह्यांनी मला दिलं, मी ते सगळं टाइप केलं आणि एक प्रत उर्सुलाला पाठवली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी जेवायचं ठरलं. शुक्रवारी जर्सी सिटीला जाऊन ओलं खोबरं, कोथिंबीर, बांगडे आणले. तिरफळं सावंतवाडीहून आलेली घरात होती. शनिवारी काजू भिजत घातले. साडेबाराला गाडी आली. उर्सुला उंच, चौतीस वर्षांची, हात शेतकऱ्याचे. तिनं ह्यांना घट्ट मिठी मारली आणि दोघं जर्मनमध्ये सुरू झाले. व्हिटेकर पन्नाशीचा, नेटका, कमी बोलणारा. बुटाचे बंद सोडून मुकाट्यानं बूट काढले त्यानं, तेवढ्यावरून मला तो बरा वाटला.

उर्सुलानं तीन बाटल्या आणल्या होत्या. बूच काढायचं आधी ह्यांनीच, असं ती म्हणाली. ह्यांनी काबिनेट उघडली, घोटभर ओतली, ग्लास फिरवला, नाक खुपसलं. अगदी पूर्वीसारखं. मग तो ग्लास मला दिला. "लेडीज फर्स्ट." मी आज एकेक घोट घेईन असं आधीच कबूल केलं होतं, यजमानीण कोरडी बसलेली बरी दिसत नाही म्हणून. घेतला घोट. आंबट! कैरी चावल्यासारखी. माझं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले.

हे माझ्याकडेच बघत होते. हसून म्हणाले, "बघा, मिसेसचा चेहराच सांगतोय. हिरवं सफरचंद, लिंबाची साल. आता वर ही वडी खा." व्हिटेकर हसला, उर्सुला हसली. वडी खाऊन व्हिटेकर म्हणाला, "हे जमतंय." त्यानं आणखी दोन वड्या उचलल्या.

दीपानं टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला. "आई, युअर फेस! दे आर गेस्ट्स!"

मला शरम वाटली. पोरगी खरंच बोलत होती. मी नऊ वर्षांची असताना अकोल्यात एका लग्नाच्या पंगतीत कढी खारट झाली होती आणि मी तोंड वाकडं केलं होतं. अप्पांनी मला भर पंगतीतून उठवून वाढणाऱ्या बाईंच्या पाया पडायला लावलं. लोकांनी पुढे ठेवलेल्याला नावं ठेवायची नाहीत, जिभेनंही नाही आणि तोंडावरूनही नाही, एवढी एक शिस्त आमच्या घरात होती. पुढे सासरी, भाड्याच्या घरांत, अमेरिकनांच्या घरच्या उकडलेल्या जेवणांत मी ती पाळली होती. फक्त स्वतःच्या घरात ढिली पडले होते. मी मनाशी ठरवलं, आता पुढच्या दोन्ही बाटल्यांना तोंडावरची रेष हलू द्यायची नाही.

श्पेटलेझे आली. तिच्यासाठी काही निश्चय करावा लागला नाही, चांगली होती. मधाचा हात फिरवल्यासारखी, शेवटी आंबट. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "पीच. पिकलेला पीच." व्हिटेकरनं कालवण भातावर घेतलं, घोट घेतला, परत कालवण घेतलं. तिरफळानं त्याच्या जिभेला मुंग्या आल्या, त्यानं वाइन प्यायली, मुंग्या गेल्या. तो उर्सुलाला म्हणाला, "वहीत लिहिलंय तसंच होतंय." त्यानं तिसऱ्यांदा कालवण घेतलं. ह्यांचे कान लाल झाले होते. हे खूष झाले की कान लाल होतात. मी उठून काजूची उसळ आणली, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की जमलं. देवानं एक दार बंद केलं खरं, पण हा माणूस खिडकीतून आत शिरला.

तिसरी बाटली उर्सुलानं कापडात गुंडाळून आणली होती. ती तिनं दोन्ही हातांनी ह्यांच्या हातात दिली. "गुरुकाका, ही चौसष्टची आहे. आउस्लेझे. पप्पांनी मागे ठेवलेल्यांपैकी. ही द्राक्षं तुम्ही तोडलीत." ह्यांनी लेबलवरून अंगठा फिरवला. बूच जुनं, काढताना अर्ध्यात तुटलं. उरलेलं जपून काढलं, ओतली. रंग जुन्या तुपासारखा. ह्यांनी हुंगली, डोळे मिटून चांगलं पाच-सहा सेकंद. मग ग्लास माझ्या हातात दिला.

ग्लास नाकाशी आला आणि मला आमच्या जुन्या घराचं बेसमेंट आठवलं. तिथे एकदा पाणी शिरलं होतं आणि कार्पेट आठवडाभर तसंच पडलं होतं. तो वास. ओलं पोतं, कुबट पुठ्ठा. तोंडात घेतली तर मागे तसलीच चव. थुंकून टाकावी असं वाटलं. पण बाई बापाच्या तळघरातली बाटली समुद्रापलीकडून कापडात गुंडाळून घेऊन आलेली. मला वाटलं, जुनी वाइन अशीच लागत असेल, मला मेलीला काय कळतंय. आणि कळत असतं तरी पाहुण्यानं आणलेल्याला मी नाव ठेवलं नसतं. मी घोट गिळला आणि हसले. चांगलं, तोंडभर हसले. म्हटलं, "व्हेरी नाइस."

ह्यांचा चेहरा उजळला. सगळ्यांना ओतली आणि उभे राहून बोलायला लागले. "मध. सुकवलेले जर्दाळू. आणि मागून, थांबा, अगदी मागून पाटीचा वास. त्या डोंगरावर सगळा पाटीचा दगड आहे. आम्ही शाळेत पाटी ओल्या फडक्यानं पुसायचो ना, तो वास. बावीस वर्षांनीही आहे तसा आहे. चौसष्टला ऑक्टोबरभर ऊन होतं. संध्याकाळी टोपली उतरवली की हातांना तोच वास यायचा." सुंदर बोलत होते. मंडळाच्या कुठल्या वक्त्याला असं बोलता येत नाही. मी त्यांच्याकडे बघत बसले, आणि म्हणून टेबलाकडे बघायला मला वेळ लागला.

व्हिटेकरनं ग्लास नाकाशी नेला होता आणि न पिताच खाली ठेवला होता. आता तो एका बोटानं तो ग्लास हळूहळू लांब सरकवत होता. उर्सुला मान खाली घालून पीत होती. एकेक घोट, औषध घ्यावं तसं.

"मिस्टर परुळेकर," व्हिटेकर अगदी नम्रपणे म्हणाला, "ही बाटली तुम्ही गिऱ्हाइकाच्या टेबलावर ओताल?"

"आनंदानं!" हे म्हणाले.

त्यानं मान हलवली. नंतर उसळ खाल्ली, चांगली आहे म्हणाला, दीपाला कॉलेजबद्दल विचारलं. वाइनचं नाव काढलं नाही.

मी कॉफी करायला आत आले तेव्हा उर्सुला रिकामे ग्लास घेऊन मागोमाग आली. तिचा ग्लास तिनं संपवला होता. सिंकपाशी उभी राहून तिनं विचारलं, "केव्हापासून?"

मी न समजल्यासारखं करणार होते. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अडीच वर्षं झाली," मी म्हटलं.

"बूच खराब झालेलं होतं. जुन्या बाटलीत होतं असं, कुणाचा दोष नाही. पण हा वास लहान मुलालाही येतो." तिनं ग्लास सिंकमध्ये ठेवला. "तुम्हाला आला?"

"आला."

"मग तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?"

"तुम्ही आणली होती," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिनं माझ्याकडे बघितलं. तिला ते कळलं नाही, आणि मला इंग्रजीत ते यापेक्षा नीट सांगता आलं नसतं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "जोड्या काय, पुस्तकातही छापता येतात. रेस्टॉरंटात जाणाऱ्या माणसाचं खरं काम एकच असतं, खराब बाटली ओळखून परत घ्यायची. एक वाईट ग्लास गेला की ते हॉटेल आमचं नाव पुन्हा घेणार नाही, आता तर मुळीच नाही. व्हिटेकर हो म्हणणार नाही. मीही त्याला आग्रह करू शकत नाही." तिनं टॉवेलनं ग्लास पुसायला घेतला, उगाचच. "हे त्यांना तुम्ही सांगाल, की मी सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलं नाही. तीन आठवडे रोज सकाळी ठरवायची आणि रोज तोंड बंद ठेवायची. कारण ह्यांचं चाललेलं बघवत नव्हतं. ह्यांनी न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटांची यादी केली, पत्त्यांसकट. फोन करून कुठल्या हॉटेलात मासे कोकणी पद्धतीचे मिळतात ते विचारलं. बाथरूमच्या आरशासमोर पाण्यानं भरलेला ग्लास फिरवत "श्पेटलेझे, जंटलमेन" असं म्हणताना मी दाराआडून ऐकलं. कंपनीत बॉसला सांगून टाकलं की जानेवारीपासून मला आठवड्यातले दोन दिवस मोकळे लागतील. दीपा म्हणाली, "बाबा इज सो हॅपी, इट्स वीअर्ड." ते ऐकून मी उगाच तिच्यावर ओरडले.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी व्हिटेकरचं पत्र आलं. सहा ओळी. जेवण अविस्मरणीय होतं, वही मोलाची आहे, पण रेस्टॉरंटांचा बेत सध्या पुढे न्यायचा नाही असं ठरवलं आहे. ह्यांनी ते जेवणाच्या टेबलावर उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मी मेथी निवडत होते.

"तिरफळं," हे म्हणाले. "मी तुला सांगितलं होतं पाच घाल. तू मूठभर घातलीस."

"सात घातली."

"या लोकांना ते जीभ बधिर करणं चालत नाही, नंदा. तेवढ्यानं गेलं सगळं. तेवढ्या दोन तिरफळांनी!"

माझ्यावर आलं, तेही मी सोसलं असतं. सोसायला हवं होतं. वीस वर्षांत स्वयंपाकावरून काय कमी ऐकलंय? पण तीन आठवड्यांचं साचलेलं सगळं एकदम घशाशी आलं. "तिरफळांना नावं ठेवू नका!" मी ओरडले. "त्या माणसानं तीनदा कालवण घेतलं. चौसष्टची बाटली नासली होती. तिला कुबट वास येत होता, सडलेल्या कार्पेटचा. सगळ्यांना आला. मला आला, उर्सुलाला आला. तुम्ही उभे राहून तिला मध म्हणालात, जर्दाळू म्हणालात. तिथे संपलं ते."

मी बोलून बसले. मला वाटलं, आता हे पत्र फाडतील, नाहीतर रडतील. ह्यांनी त्यातलं काही केलं नाही.

"तुला आला होता?" हे म्हणाले.

"हो."

"पण तू हसलीस."

मी मेथीची जुडी बाजूला सरकवली.

"आंबट-गोड माझ्या जिभेला कळतं. बाकीचं पाठ आहे. बाटली बिघडलीय का, एवढं एकच मला कळणार नव्हतं. म्हणून तर आधी तुला दिली, प्रत्येक वेळी. काबिनेटला कसं तोंड केलंस! मी म्हटलं, झालं, आता काळजी नाही." हे अगदी शांतपणे, जुना हिशेब समजावून सांगावा तसं बोलत होते. "अडीच वर्षं मी तसाच जेवतोय. तू घास घेतेस, मी तुझ्याकडे बघतो. मीठ कळतं, पण दूध नासलंय का, डाळ लागलीय का, भाजी शिळी आहे का, ते तुझ्या तोंडावरून. तुझं तोंड कधी खोटं बोललं नाही, नंदा. वीस वर्षांत एकदाही नाही."

"मग मला सांगायचं ना आधी!" मी म्हटलं.  "एका शब्दानं सांगायचं. मी खूण केली असती."

"सांगितलं असतं तर तू नाटक केलं असतंस. तुला ते जमत नाही, पकडले गेलो असतो. आणि..." ह्यांनी पत्राची घडी केली, उलगडली, परत केली. "आणि तुला सांगायचं म्हणजे मला कबूल करायला लागलं असतं, की माझ्याकडे आता काहीच नाही."

मी अप्पांचं सांगितलं. पंगत, कढी, पाया पडणं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाले. "पाहुण्यासमोर तसंच वागायला पाहिजे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. उठले, वही आणि टाइप केलेले कागद बेसमेंटमध्ये नेऊन ठेवले. सोमवारी बॉसला सांगितलं, दोन दिवसांची गरज नाही. उर्सुलाचं नाताळात कार्ड आलं, त्याला उत्तर मीच लिहिलं.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं वगैरे काही झालं नाही. बिलं, दीपाचे कॉलेजचे फॉर्म, गाडीचं तेल, सगळं बोलतो. फक्त जेवताना हे आता ताटात बघून जेवतात. पहिले काही दिवस मला वाटलं, योगायोग असेल. मग मी मुद्दाम ठळक चेहरे करायला लागले. भाजी चांगली झाली की डोळे मिटून "हं" करायची, मठ्ठा आंबला की तोंड वाकडं करायची. नाटकात पहिलं काम मिळालेल्या पोरीसारखी. आणि मला ते जमत नाही, हे ह्यांचं बरोबर होतं. ह्यांनी एकदाच वर बघितलं, माझा तो चेहरा बघितला आणि डोळे काढून घेतले. त्या नजरेत मला कळलं की आता माझा खरा चेहराही ह्यांना खरा वाटणार नाही. तो मी एका घोटासाठी खर्च करून टाकला होता.

मागच्या आठवड्यात दीपाचा फोन आला म्हणून मी आत गेले आणि आमटी खाली लागली. लागली म्हणजे काळी झाली, घरभर धूर. दुसरं काही केलं नव्हतं, वरवरची वाढली. मी घास घेतला, तो करपट कडवटपणा टाळूला लागला आणि माझं तोंड आपसूक वाकडं झालं, मी काही केलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. बघा ना, मी मनात म्हणत होते, एकदा बघा, हे खरं आहे. कडू तर त्यांनाही लागत असणार.

ह्यांनी खाली मान घालून भात कालवला, सगळा संपवला. "छान झालीय," म्हणाले. आणि वाटी पुढे केली.

मी पुन्हा वाढली.